कोठा उघडा, पण आधी पोरांची वयं नक्की करा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. वय ६३. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, ते आता नाहीत. मुलगा पुण्याला नोकरीला. घराला लागून मोठा कोठा आहे, बैलजोडी विकल्यापासून रिकामाच पडला आहे.

आमच्या फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यात दिवाळीपासून दोन पोट्टे झोपतात. एक एकोणीस-वीसचा, कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो. मेळघाटाकडचा आहे एवढंच सांगतो. दुसरा सोळा-सतराचा, शेजारच्याच गावचा. बाप तीन वर्षांआधी फवारणीचं औषध पिऊन गेला, मायनं दुसरं घर केलं, काकानं हाकलून दिलं. नववीतून शाळा सुटली. मी दोघांना भाकर-भाजी देते. थंडीत पोत्यावर झोपलेले पाहून जीव तुटतो.

आमच्या बचत गटातल्या बाया म्हणतात, कोठा साफ करू, ‘बेघर मुलांचा आश्रम’ असा बोर्ड लावू, वर्गणी करू. गावातले काही जण म्हणतात, चोऱ्या होतील. मुलगा म्हणतो, ‘आई, नस्त्या भानगडीत पडू नको.’ मी काय करू?

ता. क. पौषात एक पंधरा-सोळाची मुलगीही रात्री त्या निवाऱ्यात बसलेली दिसली. मी घरी आणलं. दोन रात्री राहिली. घरचे लग्न लावून देत आहेत म्हणाली. तिसऱ्या दिवशी पहाटे उठले तर नव्हती. हे मी कोणाला बोलले नाही.

उत्तर

काकू, नमस्कार.

तुमच्या ता. क.चं आधी बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही. त्या मुलीची खबर आजच द्या. हे उत्तर इथंच ठेवून फोन उचला आणि १०९८ लावा. लहान मुलांसाठीचा हा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. महिना उलटून गेला, आता काय सांगायचं, असं मनात आणू नका. लग्नाच्या धाकानं घर सोडलेली मुलगी पहाटे एकटी फाट्यावरून गेली आहे. ती कारंज्याच्या गाडीत बसली, मूर्तिजापूर-बडनेऱ्याच्या स्टेशनावर पोचली की घरच्यांनीच परत नेली, हे आपल्याला ठाऊक नाही. यातलं काहीही झालं असलं तरी तिची विचारपूस करणारं सरकारी माणूस आता लागणारच.

फोनवर सांगायच्या गोष्टी आधी कागदावर लिहून घ्या. तिनं सांगितलेलं नाव आणि गाव, खोटं वाटलं असलं तरी. अंगावरचे कपडे, हातावर गोंदलेलं काही, बोलण्याची ढब कुठली होती. आणि एक महत्त्वाचं: त्या दोन दिवसांत तिनं तुमच्या मोबाइलवरून कोणाला फोन लावला होता का, ते कॉलच्या यादीत शोधा. अशा प्रकरणात शोध बहुतेक वेळा एका नंबरावरून पुढे सरकतो.

पौषात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत, माघापासून मुहूर्त निघतात. म्हणजे तिचं लग्न अजून लागलं नसण्याची शक्यता आहे. मुलगी अठराच्या आत असेल तर २००६च्या कायद्यानं हा बालविवाह ठरतो, आणि आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तिनं सांगितलेल्या गावाच्या ग्रामसेवकापर्यंत ही गोष्ट गेली, तर मांडव पडण्याआधी थांबू शकते. त्याच्याकडे तुम्ही स्वतः जाऊ नका. १०९८ला सांगा, ते पोचवतील. तुम्ही म्हातारपणी एकट्या राहता, आणि मुलीच्या घरच्यांशी वाद अंगावर घेणं तुमचं काम नाही.

तिला तुम्ही घरात घेतलंत, जेवू घातलंत, रात्री दाराला कडी लावून निजवलंत, हे योग्यच केलंत. पुढे कधी असं मूल दिसलं तर एवढंच जास्तीचं करा, की पहिल्याच रात्री फोन लावा. अठराच्या आतलं मूल एकटं, आधाराविना सापडलं, तर चोवीस तासांच्या आत कळवणं २०१५च्या बाल न्याय कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. १०९८, पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, यांपैकी कुठंही कळवलं तरी चालतं. न कळवणं हा गुन्हा आहे. तुम्हाला धाक घालायला हे लिहीत नाही. गावात कोणी ‘कशाला पोलिसांच्या फंदात पडता’ म्हणालं, तर त्याला द्यायला हे उत्तर तुमच्यापाशी असू द्या.

आता तुमच्या कोठ्याकडे वळते. ‘बेघर मुलांचा आश्रम’ काढायचा म्हणता, पण तुमच्या फाट्यावर झोपणारी ही दोन पोरं कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या जगांतली आहेत. एक अठराच्या आत, एक अठराच्या पुढे. धाकट्यासाठी राज्यानं बरंच काही मांडून ठेवलं आहे, पण ते त्याच्यापर्यंत आलेलं नाही. मोठ्यासाठी गावखेड्यात जवळजवळ काहीच नाही. तुमची गरज दोघांनाही आहे, पण कामं निराळी आहेत.

धाकट्याचं आधी, कारण त्याच्याकडे वेळ कमी आहे. कळवण्याचा वरचा नियम त्यालाही लागू आहे, म्हणून मुलीसाठी १०९८ला फोन लावाल तेव्हा त्याचंही सांगा.

पहिली गोष्ट त्याची जन्मतारीख. सोळा-सतरा म्हणजे नेमकं किती? तो ज्या शाळेतून सुटला तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरात ती लिहिलेली आहे. तुम्ही मास्तरांच्या घरच्या, तुम्हाला हे रजिस्टर काय असतं ते सांगायला नको. मुख्याध्यापकांना भेटा. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसलं तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी. शाळेत तारीख मिळाली की निम्मं काम झालं.

घाई का, ते सांगते. मूल अठरा पूर्ण व्हायच्या आत बाल कल्याण समितीसमोर गेलं आणि समितीनं त्याला संस्थेत ठेवलं, तर अठरानंतरही त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि खास प्रकरणात तेविसाव्यापर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. राहायला अनुरक्षण गृह, शिक्षण किंवा धंदेशिक्षण, आणि मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिना ४,००० रुपयांपर्यंत मदत, असं तिचं स्वरूप. पण ही सोय संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. एसटीच्या निवाऱ्यात अठरा पूर्ण केलेल्या पोराला ती मिळत नाही. तुमच्या धाकट्याचे सहा महिने उरले असतील नाहीतर दीड वर्ष. ते तुमच्या कोठ्यात गोडीगुलाबीनं गेले, आणि अठराव्या वाढदिवशी त्याच्या हातात ना कागद ना हक्क उरला, तर आपल्या मायेनंच त्याचं नुकसान केल्यासारखं होईल.

म्हणून त्याला कोठ्यात ठेवून घेऊ नका. समितीपुढे न्या. पण नेण्याआधी त्याच्याशी बोला. अशा पोरांच्या मनात ‘बालगृह म्हणजे जेल’ हे पक्कं बसलेलं असतं. फसवून नेलं तर पुढल्या एसटीनं पळून जाईल आणि परत तुमच्या दारात येणार नाही. त्याला सरळ सांगा की यवतमाळला जिल्ह्याची समिती बसते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात एक तरी बाई असतेच. ते तुला विचारतील तुला काय पाहिजे, आणि तुझं म्हणणं ऐकून घेणं त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. मी तुझ्यासंगं येईन. हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, काकू. ते नुसतं बोलण्यापुरतं ठेवू नका, खरंच जा. जाताना भाकरी बांधून घ्या, बाहेर बसून राहावं लागेल.

समिती त्या दिवशी बसलेली नसली तरी एखाद्या सदस्यासमोर मूल हजर करता येतं. नंतर परिविक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता गावात येऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. घर कसं आहे, माय कुठं आहे, काका काय म्हणतो, शेजारी काय सांगतात, हे त्यात येतं. तो माणूस आला की त्याला तुमच्याकडे पाणी-चहा द्या आणि जे जे माहीत आहे ते सगळं सांगा. समिती पुढे काय ठरवेल ते मी आज सांगू शकत नाही. बालगृह असेल, मायकडे असेल, एखाद्या नातेवाइकाकडे असेल. माय किंवा मामा-मावशी सांभाळायला तयार झाली पण ऐपत नसली, तर बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. बाप वारलेल्या मुलाला ही योजना लागू होते. पैशापायी नकार देणारी माय अशा वेळी होकार देते, हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. दुसरं घर केलेली बाई म्हणजे पोराला विसरलेली बाई, असं आपण फार लवकर ठरवून टाकतो. नव्या घरात तिचं किती चालतं, तेही बघायला हवं.

आणि तुमचा जीव फारच अडकला असेल, तर एक सरळ वाट आहे. बाल कल्याण समिती एखाद्या व्यक्तीला पडताळणी करून ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊ शकते आणि मूल ठरावीक काळासाठी तिच्याकडे ठेवू शकते. तसा अर्ज तुम्ही करू शकता. तुमचं वय, एकटं राहणं, हे ते बघतील. मान्यता मिळाली तर मूल तुमच्या घरात राहील, कायद्याच्या आधारानं. पण मग कोठ्यात नाही, घरात. नातू राहावा तसा.

या पोराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते त्याच्या बेघर होण्याचं मूळ तिथंच असू शकतं. काकानं हाकललं. का? पोरगा उनाड म्हणून की बापाच्या वाट्याची जमीन आहे म्हणून? सातबारा बघा. तो आता मोबाइलवरही दिसतो. बापाच्या मृत्यूनंतर वारस नोंद झाली का, फेरफार कोणाच्या नावानं पडला, त्यात या पोराचं नाव आहे का? अज्ञान वारसाचं नाव सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ अशा शेऱ्यासह लागतं, म्हणजे अज्ञान असेतोवर अमुक माणूस पालनकर्ता. पुढे पोरगा सज्ञान झाला की तलाठ्याकडे अर्ज देऊन तो शेरा कमी करून घ्यायचा असतो. पालनकर्ता म्हणून काकाचं नाव असेल, तर जमीन काका कसतो, शेरा तसाच राहतो, पोरगा फाट्यावर झोपतो. आणि नोंदच झालेली नसेल, तर पोराला घरात ठेवणं काकाला अडचणीचंच वाटणार.

बापाची आत्महत्या शासनानं मदतीस पात्र ठरवली होती का, तेही तहसीलमध्ये विचारा. पात्र कुटुंबाला २००६च्या निर्णयापासून १ लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार बँकेत किंवा पोस्टात ठेव म्हणून. त्या ठेवीचं पासबुक कुठं आहे, कोणाच्या नावानं आहे? हे प्रश्न तुम्ही काकाला विचारायला जाऊ नका. समितीला सांगा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. त्यांचा हेल्पलाइन नंबर १५१००, मुलांना आणि बायांना तिथं वकील फुकट मिळतो. काकाशी भांडण न करता निव्वळ कागद निघाला, तरी पुष्कळदा घराचं दार आपसूक उघडतं. ते उघडलं तरी पोरगा तिथं राहील का, हे त्याला विचारूनच ठरवायचं.

शाळेचं थोडक्यात. नववीतून सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. आयटीआयच्या काही ट्रेडला दहावी नापासही चालतो. पण आधी त्याला चार रात्री नीट झोपू द्या. पोत्यावर झोपणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी पुढच्या शिक्षणाविषयी बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता मोठा. तुमचा कोठा खरा याच्या कामाचा आहे.

अठराच्या वरच्या बेघरांसाठी रात्रनिवारे आहेत, पण ते शहरांत. सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये शहरांना दर लाख लोकसंख्येमागं शंभर जणांचा एक निवारा उभारायला सांगितलं, त्यातून नागपूर-अमरावतीसारख्या शहरांत महापालिकांची बेघर निवारा केंद्रं चालू झाली. दारव्ह्याच्या फाट्यावर झोपणाऱ्या माणसासाठी असा कुठलाही आदेश नाही. खेड्यात बेघर नसतात, हे आपण धरूनच चाललो आहोत. असतात. ते जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाआड झोपतात, वीटभट्टीवर झोपतात, देवळाच्या ओट्यावर झोपतात, आणि हंगाम संपला की पुढल्या गावाला जातात म्हणून आपल्याला मोजता येत नाहीत.

अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतल्या मुलांचं काय, हा प्रश्नही आपल्याच मुलखात सगळ्यात आर्ततेनं विचारला गेला. अचलपूर तालुक्यातल्या वज्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस, दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं, बापाच्या जागी स्वतः उभे राहिले, आणि अठराव्या वर्षी या मुलांना बाहेर काढायचं नाही म्हणून वर्षानुवर्षं सरकारदरबारी भांडले. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मुलांपैकी एक अंध मुलगी एमपीएससी उत्तीर्ण झाली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. त्यांच्याएवढं काम आपल्या हातून व्हायचं नाही, पण अठरावं वर्ष लागल्यानं माणूस एका रात्रीत निराधाराचा स्वावलंबी होत नाही, ही त्यांची गोष्ट तुमच्या मोठ्यालाही लागू आहे.

मेळघाटाकडचा म्हणता. तो कोरकू असेल तर एक सांगते. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. दिवाळीला न गेलेला माणूस होळीला गावी जातोच; ठेकेदार अडवून धरतो, तरी जातो. होळीच्या आठवड्यात हा काय करतो ते बघा. गेला, तर तो मजूर आहे, त्याला घर आहे, आणि त्याला हवी आहे ती हंगामापुरती पाठ टेकायला जागा. नाही गेला, तर मागं काहीतरी तुटलेलं आहे. ते खोदून काढू नका. जेवता जेवता कधीतरी तोच सांगेल.

कोठा देताना मात्र भाबडेपणा नको. मी सुचवते ते असं. त्याचं आधार कार्ड बघा, झेरॉक्स घ्या. पोलीस पाटलाला आणि ठाणेदाराला लेखी कळवा की अमुक नावाचा सज्ञान माणूस अमुक तारखेपासून माझ्या कोठ्यात राहतो, आणि त्या कागदाची पोच घ्या. ग्रामपंचायतीलाही तसंच पत्र. एवढं केलं की चोऱ्या होतील म्हणणाऱ्यांचं अर्धं तोंड बंद होतं, आणि गावात कुठं काही हरवलंच, तर पहिलं बोट या पोराकडे जाण्याआधी चार माणसं तरी विचार करतात. हा कागद तुमच्या संरक्षणासाठी आहे तेवढाच त्याच्याही.

कोठ्याचं म्हणाल तर शेण-मातीनं सारवून घ्या, भिंतीची बिळं बुजवा. रिकाम्या कोठ्यात साप-विंचू असतातच. एक बल्ब आणि विजेचा एक स्विचबोर्ड लावा. जमिनीवर नको, खाट द्या. कुलूप लागणारी एक पेटी द्या, किल्ली त्याच्याकडेच. ज्याला घर नाही त्याची सगळी मालमत्ता एका पिशवीत असते आणि ती उशाला घेऊन झोपावं लागतं, म्हणून झोपही धड लागत नाही. पेटीच्या किल्लीनं पहिल्यांदा झोप लागते. संडासाची सोय कुठं, आंघोळ कुठं, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे त्याला विचारायची लाज वाटणार नाही. आणि टिनाचं छप्पर असेल तर चैत्र लागायच्या आत त्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाड थर टाकून घ्या, नाहीतर वैशाखात तिथं माणूस राहू शकत नाही.

भाडं घेऊ नका, पण जेवण त्याला त्याचं करू द्या. शिधा, स्टोव्ह, दोन भांडी द्या. रोज हातावर आयती भाकर घेणाऱ्या माणसाची मान हळूहळू खाली जाते. आठवड्यातून एकदा तुमच्याकडे जेवायला बोलवा, पाहुण्यासारखं. दारू पिऊन आलास तर त्या रात्री कोठा नाही, हेही आधीच सांगा आणि पाळा. आणि मुदत ठेवा. हंगामापुरतं म्हणा, आखाडीपर्यंत म्हणा. मुदत असली की पुढचा विचार दोघंही करतात.

पुढचा विचार करायचा तो उन्हाळ्याचा. जिनिंग कापूस येतो तोवर चालतं. उन्हाळा लागला की गाठींचं काम संपतं, मजुरी बंद होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत अशी पोरं ठेकेदाराच्या गाडीत बसून कुठल्या कुठे निघून जातात. त्या आधी दोन ठिकाणी विचारून ठेवा. एक, जिल्ह्याची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेमार्फत ती चालते, प्रशिक्षण फुकट, राहणं-जेवणंही फुकट. मोबाइल दुरुस्ती, वायरिंग, शिवण, दुग्धव्यवसाय असे काही आठवड्यांचे वर्ग असतात. ज्याला घर नाही त्याला राहत्या जागेसकट प्रशिक्षण मिळणं यापरतं सोयीचं काय? दोन, दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, ग्रामीण गरीब कुटुंबांतल्या १५ ते ३५ वयाच्या तरुणांसाठी, तिच्यातही निवासी वर्ग असतात. तो आदिवासी असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून जातीचा दाखला निघेल, तो घेऊन धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात गेलं की आणखी दारं उघडतील. कागद काढायला त्याला एकट्याला पाठवू नका. ‘उद्या या’ दोनदा ऐकलं की अशी पोरं तिसऱ्यांदा जात नाहीत. बचत गटातल्या कोणा बाईचा मुलगा मोटरसायकलवर घेऊन जाईल.

त्याला उदास, गप्प, रात्री दचकून उठणारा असं काही बघितलंत, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. मनाच्या त्रासावर तिथं फुकट बोलता येतं.

राहिला तुमच्या बायांचा बोर्ड. त्यांचं मन मोठं आहे, आणि मी त्यांना नाउमेद करत नाही. पण बोर्ड लावू नका. अठराच्या आतल्या मुलांना ठेवणारी कोणतीही संस्था बाल न्याय कायद्याखाली नोंदलेली असावी लागते. नोंदणीविना चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. हा कायदा तुमच्यासारख्यांना अडवायला केलेला नाही. आश्रमाचा बोर्ड लावून मुलांचे हाल करणाऱ्यांनी तो करायला भाग पाडलं आहे. शिवाय सज्ञान माणूस आणि अठराच्या आतलं मूल एका छपराखाली निजवायचं नाही, मग दोघं निवाऱ्यात कितीही जिवाभावाचे झालेले असोत. वर्गणीसुद्धा नको. संस्था नोंदलेली नसताना गोळा केलेल्या पैशाचा हिशेब गावात भांडणाचंच कारण होतो.

आणि मुलांचे फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. अठराच्या आतल्या, अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. पण गुन्हा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. उद्या हा पोरगा आयटीआयला जाईल, त्याच्या वर्गातल्या कोणाच्या मोबाइलवर तो पोत्यावर झोपलेला दिसू नये.

बायांना करायचं काम वेगळं आहे, आणि ते बोर्डापेक्षा मोठं आहे. तुमच्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असेलच. सरपंच तिचा अध्यक्ष असतो, अंगणवाडी सेविका सचिव. तिची बैठक शेवटची कधी झाली ते विचारा. गटातल्या चार बाया ग्रामसभेत उभ्या राहून म्हणाल्या, की फाट्यावर रात्री एकटं मूल दिसलं तर पहिला फोन कोणी करायचा आणि त्या रात्री मूल कोणाच्या घरी राहायचं हे आज ठरवा, तर तुमच्या गावाची सोय कुठल्याही आश्रमाआधी होईल. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री लिहिलेली असेल, तर तिच्यात ‘बेघरांना आसरा’ ही एक ओळ आहे. तिच्या आगेमागे शिक्षण आहे, औषधोपचार आहे, बेकारांना रोजगार आहे, निराशांना हिंमत आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांनी आसरा सुटा सांगितला नव्हता. ग्रामसभेत ती भिंत दाखवून बोला, लोक ऐकतील.

तुमच्या पुण्याच्या मुलाला काय सांगायचं? तो चुकीचं बोलत नाही, त्याला आईची काळजी आहे. त्याला हे उत्तर वाचून दाखवा, म्हणजे भानगड कुठली आणि सरळ काम कुठलं ते त्याला कळेल. मग त्यालाच कामाला लावा. धाकट्याच्या बापाचा सातबारा आणि फेरफार तो पुण्यात बसून काढू शकतो. ग्रामीण स्वयंरोजगार संस्थेचे पुढचे वर्ग कधी आहेत ते फोन करून विचारू शकतो. ठाणेदाराला द्यायचं पत्र टाइप करून पाठवू शकतो. यवतमाळला जाल त्या दिवशी त्यानं सुट्टी काढून यावं आणि तुमच्याबरोबर समितीच्या दारात बसावं, असं मला वाटतं. तारीख ठरली की आदल्या दिवशी त्याला बोलावून घ्या.